सिक्कीम सेंद्रिय कसं झालं, आणि पिशवीवर शिक्का बसल्यावर माल कुठे अडला

सिक्कीमचं नाव काढलं की आपल्याकडे गंगटोक, नथुला, नाहीतर ट्रॅव्हल कंपनीची सात दिवसांची टूर एवढंच आठवतं. शेतीवाल्या मंडळींना अजून एक गोष्ट माहीत असते ती म्हणजे तिथे युरिया मिळत नाही. हे खरंय, आणि ते कसं घडवलं गेलं हे नीट बघण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे सेंद्रिय म्हटलं की दोनच प्रकारची माणसं भेटतात, एक म्हणतात हे सगळं थोतांड, दुसरे म्हणतात उद्याच बंद करा रासायनिक. सिक्कीम सरकारनं यातलं काहीच केलं नाही, त्यांनी बारा-तेरा वर्षं घेतली. माझ्या मते या प्रकरणाचं सगळं यश त्या बारा-तेरा वर्षांत आहे, आणि सगळं अपयश त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत.

आधी राज्य केवढं ते बघू. क्षेत्रफळ 7,096 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही थोडं कमी. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 6 लाख 10 हजार, कोल्हापूर शहरापेक्षा थोडीशीच जास्त. त्यातही शेतीलायक जमीन अगदी कमी, बाकी सगळं जंगल, कडे आणि बर्फ. 1975 मध्ये हे राज्य भारतात आलं आणि विशेष दर्जाचं राज्य असल्यामुळे केंद्राच्या योजनांचा 90 टक्के पैसा दिल्लीतून यायचा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण "सिक्कीमनं करून दाखवलं" म्हणताना लोक ते विसरतात. पैशाची बाजू सावरलेली असेल तर सरकारला दहा वर्षांचा विचार करता येतो.

पवन कुमार चामलिंग डिसेंबर 1994 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मे 2019 पर्यंत राहिले, सलग पाच निवडणुका जिंकून. त्यांच्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या, 1998 मध्येच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, 2008 मध्ये उघड्यावर शौचाला जाणं बंद झाल्याबद्दल देशातलं पहिलं निर्मल राज्य म्हणून मान मिळाला, आणि नियोजन आयोगाच्या तेंडुलकर पद्धतीच्या आकड्यांनुसार दारिद्र्य 2004-05 मधल्या 30.9 टक्क्यांवरून 2011-12 मध्ये 8.2 टक्क्यांवर आलं. सात वर्षांत एवढी घट झालेली राज्यं फार नाहीत, आणि डोंगरातलं राज्य म्हटल्यावर तर हे अजून अवघड, कारण तिथे एका वाडीला रस्ता आणि पाणी न्यायला जेवढा पैसा लागतो तेवढ्या पैशात सपाटीवर चार गावं होतात. ही सगळी यादी मोठी आहे पण मी इथे एकाच गोष्टीवर बोलणार आहे.

2003 मध्ये नेमकं काय ठरलं

2003 मध्ये विधानसभेत ठराव झाला की राज्य पूर्ण सेंद्रिय करायचं. ठराव आपल्याकडेही होतात. फरक त्यानंतर आहे. केंद्राकडून राज्याला रासायनिक खतांचा जो कोटा यायचा तो उचलणं सरकारनं थांबवलं, खतावरची सबसिडी टप्प्याटप्प्यानं कमी करत काही वर्षांत संपवली, खतविक्रीची दुकानं बंद केली. शेतकऱ्याच्या हातातून पोतं हिसकावून घेतलं नाही, ते पोतं हळूहळू महाग आणि दुर्मिळ होत गेलं. त्याच काळात काही गावं निवडून तिथे कंपोस्टचे खड्डे, गांडूळखताची युनिट, माती तपासणी, शेतकऱ्यांचं प्रशिक्षण असं चालू होतं, ही झाली 2003 ते 2009-10 पर्यंतची तयारी. त्यानंतर 2010 मध्ये सिक्कीम ऑरगॅनिक मिशन सुरू झालं आणि 2015 ही तारीख घातली गेली. कायदा कधी आला माहितीये? 2014 मध्ये. म्हणजे रासायनिक खत-औषध राज्यात आणणं आणि विकणं हा गुन्हा, दंड आणि तुरुंगवास दोन्हीची तरतूद, हे अकराव्या वर्षी. तोपर्यंत बहुतेक लोकांची सवय सुटलेली होती त्यामुळे कायद्याला विरोध करायला उरलं कोण?

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे उलटं चालतं, आधी जीआर, मग गोंधळ, मग स्थगिती.

आणि उलट केलं की काय होतं ते श्रीलंकेनं 2021 मध्ये दाखवलं. गोटाबाया राजपक्षे सरकारनं एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन घसरलं, चहावाले रडकुंडीला आले, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय गुंडाळावा लागला. तेव्हा बरेच लोक म्हणाले की बघा सेंद्रिय फसलं. सेंद्रिय फसलं असं मला वाटत नाही, सात महिन्यांत सेंद्रिय करायचा हट्ट फसला. परकीय चलन वाचवायची घाई होती म्हणून शेतकऱ्याला पुढे केलं. सिक्कीमला अशी घाई नव्हती.

मुळात सोपं होतं का?

हो, बऱ्याच अंशी सोपं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिक्कीममध्ये हेक्टरी रासायनिक खताचा वापर देशाच्या सरासरीच्या मानानं आधीपासूनच किरकोळ होता. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती, रस्त्यापासून शेत तासभर चढणीवर, पोतं पाठीवर न्यायचं, पाऊस एवढा की टाकलेलं खत वाहून जाणार, माती आम्लधर्मी. घरोघरी गाय, डुकरं, कोंबड्या, म्हणजे शेणखत घरचंच. रासायनिक खत वापरणारे होते ते मुख्यतः रस्त्याकडेचे, भात आणि मका वाले. तेव्हा "राज्य सेंद्रिय केलं" यातला मोठा भाग म्हणजे जे आधीच सेंद्रिय होतं त्याला कागदावर सेंद्रिय म्हणवून घेणं असाही आहे.

याला काही लोक फसवणूक म्हणतात, मला तसं वाटत नाही. कारण कागद नसेल तर त्या मालाला सेंद्रियचा दर मिळत नाही, आणि कागद मिळवणं हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. नेमकं तिथेच सरकारचं काम दिसतं, म्हणून हे जरा जवळून बघू.

सर्टिफिकेट देशाच्या एनपीओपी म्हणजे सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नियमांनुसार मिळतं, ते बघते अपेडा, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था. एका शेतकऱ्यानं स्वतःचं सर्टिफिकेट काढायचं तर फी परवडत नाही, म्हणून शेतकऱ्यांचे ग्रुप करतात, एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त पाचशे जण. प्रत्येकाची जमीन किती, कुठली पिकं, मागच्या वर्षी काय टाकलं, बेणं कुठून आणलं, शेजाऱ्याच्या शेतातून पाणी वाहून येतं का, कापणी किती, विकलं कोणाला, हे सगळं प्रत्येक शेतकऱ्याच्या नावानं वहीत. ग्रुपचे स्वतःचे तपासनीस प्रत्येक शेतात जाऊन बघतात, त्यानंतर सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीचा माणूस येऊन काही शेतं निवडून तपासतो. हंगामी पिकाला दोन वर्षं आणि वेलचीसारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं हे सगळं केल्यावर मग सेंद्रियचा शिक्का. त्या दोन-तीन वर्षांत नियम सगळे पाळायचे पण दर साध्या मालाचा. आणि शिक्का एकदा मिळाला की झालं असं नाही, दरवर्षी पुन्हा तपासणी.

आता हे सुमारे 75,000 हेक्टरवर करायचं. दीड-दोन एकराचे तुकडे, एकेका तुकड्यावर चार-पाच पिकं, शेतकरी नेपाळी बोलणारा किंवा भुटिया नाहीतर लेपचा, फॉर्म इंग्रजीत. सरकारनं ग्रुप बांधायला आणि वह्या भरायला बाहेरच्या एजन्सी नेमल्या, गावातली पोरं-पोरी ट्रेनिंग देऊन फील्डवर लावली, आणि फीचा खर्च स्वतः उचलला. हे काम फोटोत येत नाही. 18 जानेवारी 2016 ला पंतप्रधान मोदींनी गंगटोकमध्ये सिक्कीमला देशातलं पहिलं सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर केलं तो फोटो सगळ्यांनी पाहिला, पण त्यामागे त्या वह्या आहेत. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संस्था एफएओ आणि वर्ल्ड फ्यूचर कौन्सिल यांनी रोममध्ये फ्यूचर पॉलिसी गोल्ड अवॉर्ड दिलं तेव्हा 66,000 पेक्षा जास्त शेतकरी कुटुंबांना या धोरणाचा फायदा झाल्याचा उल्लेख होता. फायदा किती जणांना किती झाला यावर वाद घालता येईल, पण तेवढ्या कुटुंबांपर्यंत एक सरकारी कागद पोचवणं हीच डोंगरात मोठी गोष्ट आहे.

वेलची आणि आलं

सिक्कीमचं खरं नगदी पीक म्हणजे मोठी वेलची, आपली मसाला वेलची, बिर्याणीत आणि गोडा मसाल्यात पडते ती. ती उतिसाच्या झाडाखाली लावतात. उतीस हे झाड सावली देतं, पानगळीनं खत देतं आणि मुळांमधून जमिनीत नत्रही धरून ठेवतं, म्हणजे खताचं पोतं त्या शेतात उभंच आहे. वर उतीस, खाली वेलची, अजून खाली ओलसर काळी माती, तिथे युरिया टाकायची गरजच कधी नव्हती. या पिकाला सेंद्रिय होण्यात अडचण आली नाही. अडचण होती ती चिरके आणि फुर्के नावाच्या विषाणू रोगांची, त्यांनी जुन्या बागा पार बसवल्या, आणि त्याला रासायनिक औषध असतं तरी फायदा नव्हता, रोगट झाडं उपटून निरोगी रोपं लावणं हाच उपाय.

आल्याचं मात्र वेगळं आहे आणि तिथे सरकारचं गणित कच्चं राहिलं असं माझं स्पष्ट मत आहे. आल्याला कंदकूज होते हे आपल्या सातारा-कोरेगावच्या आलेवाल्यांना वेगळं सांगायला नको. सिक्कीममध्ये एक जुनी रीत आहे, लावलेलं बेणं रुजून कोंब वर आले की दोन-तीन महिन्यांनी मातीत हळूच हात घालून जुना कंद काढून घेतात आणि विकतात, त्याला तिकडे माऊ म्हणतात. ऐन पावसाळ्यात, घरात पैसे नसताना, बेण्याचा खर्च परत मिळतो, गरीब शेतकऱ्यासाठी फार शहाणपणाची रीत. पण कंद काढताना झालेल्या जखमेतून कूज शिरते. पूर्वी निदान रस्त्याकडेचा शेतकरी काहीतरी औषध आणून ओतायचा, चूक का बरोबर तो भाग वेगळा. 2014 नंतर तो दरवाजा बंद. ट्रायकोडर्मा (कुजीशी लढणारी उपयोगी जिवंत बुरशी), बेणं प्रक्रिया, फेरपालट हे उपाय आहेत, आणि चालतात, पण ते वेळेवर, योग्य प्रमाणात आणि ताजे मिळायला लागतात. ट्रायकोडर्माचं पाकीट डोंगरावरच्या वाडीत पोचेपर्यंत मेलेलं असेल तर शेतकऱ्यानं काय करायचं? रासायनिक बंद करण्याच्या कामात सरकार जेवढं चोख होतं तेवढं पर्याय दारात पोचवण्यात नव्हतं, आणि आल्याचं, भाजीचं उत्पन्न घटल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या त्या इथून आल्या.

बाजार

आता मुख्य दुखणं. सिक्कीमचा माल जातो कुठे तर खाली बंगालमधल्या सिलीगुडीला. मुख्य रस्ता एकच, तीस्तेच्या काठानं जाणारा एनएच 10, पावसाळ्यात दरड कोसळली की बंद. व्यापारी सिलीगुडीचा, दर त्याचा, आणि त्या मंडईत सिक्कीमचं सेंद्रिय आलं आणि दुसरीकडून आलेलं साधं आलं एकाच ढिगात. दोन-तीन वर्षं वह्या भरून मिळवलेला शिक्का त्या ढिगात संपला. सेंद्रियचा जास्त दर मिळायला माल वेगळा ठेवणारं गोदाम लागतं, धुऊन वाळवून प्रतवारी करणारं युनिट लागतं, आणि मुख्य म्हणजे आधीपासून ठरलेला खरेदीदार लागतो. वेलची वाळवलेली असते, टिकते, हलकी असते, त्यामुळे तिचं निभावलं. आलं, भाजी, संत्रं यांचं नाही निभावलं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. केंद्रानं 2015-16 मध्ये ईशान्येसाठी सेंद्रिय साखळीची योजना आणली, त्यातून शेतकरी कंपन्या झाल्या. 2018 मध्ये इफको या खतवाल्या सहकारी संस्थेबरोबर राज्याची संयुक्त कंपनी झाली, प्रक्रियेसाठी. पण तारखा बघा, जाहीर केलं जानेवारी 2016 ला आणि प्रक्रियेची कंपनी 2018 ला. 2003 मध्ये खताचं दुकान बंद करायचा विचार ज्या बैठकीत झाला त्याच बैठकीत आलं कोण घेणार हा विषय यायला हवा होता, पंधरा वर्षं हातात होती.

त्याऐवजी 2018 च्या एप्रिलपासून काय केलं, तर बाहेरून येणाऱ्या बऱ्याच बिगर-सेंद्रिय भाज्यांवर बंदी. हेतू चांगला होता, स्थानिक शेतकऱ्याला गंगटोकची बाजारपेठ मिळावी. पण राज्यात तेवढी भाजी पिकतच नव्हती. गंगटोकच्या लाल बाजारात भाव चढले, नोकरदार आणि मजूर दोघंही वैतागले, आणि पुढे अंमलबजावणी सैल पडत गेली. शिवाय सिक्कीमचा तांदूळ बहुतेक बाहेरूनच येतो, रेशनचा तांदूळ साध्या शेतीतला. म्हणजे पिकवणारा सेंद्रिय पिकवतो आणि स्वतः खातो ते पंजाबचं नाहीतर बंगालचं युरियावालं. यात मला कोणाची चेष्टा करायची नाही, डोंगरी राज्याला अन्न बाहेरूनच आणावं लागणार, पण मग बंदीच्या गप्पा न मारता आपला महाग माल बाहेर कसा विकला जाईल यावरच सगळी ताकद लावायला हवी होती.

हे एवढं उशिरा का कळलं यावर माझं एक म्हणणं आहे. 2004 मध्ये चामलिंग यांच्या सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटनं 32 पैकी 31 जागा जिंकल्या, 2009 मध्ये 32 पैकी 32. सभागृहात विरोधी बाकावर एकही माणूस नाही. त्यामुळेच तर दहा-बारा वर्षं एकच धोरण रेटता आलं, दर निवडणुकीला नवीन सरकार आणि नवीन योजना असं झालं असतं तर हे काम पाचव्या वर्षीच मेलं असतं. पण ज्या शेतकऱ्याचं आलं सडलं त्याचं म्हणणं सभागृहात उभं राहून मांडणारं पण कोणी नव्हतं. अधिकारी वर काय कळवणार? किती हेक्टर सर्टिफाय झाले ते, कारण टार्गेट हेक्टरचं होतं. शेतकऱ्याच्या हातात किती रुपये जास्त पडले हे टार्गेट कोणी ठेवलंच नाही. 2014 ला विरोधक 10 जागांवर आले, 2019 ला प्रेमसिंग तमांग यांच्या सिक्कीम क्रांतिकारी मोर्चानं 17 विरुद्ध 15 असं सरकार घेतलं आणि 2024 मध्ये तर 32 पैकी 31 जागा मोर्चाकडे, खुद्द चामलिंग ज्या दोन जागांवर उभे होते त्या दोन्ही हरले. सेंद्रियमुळे हरले असं मी म्हणणार नाही, पंचवीस वर्षांच्या सत्तेला हरायला पुष्कळ कारणं असतात. महत्त्वाचं हे की नव्या सरकारनंही सेंद्रिय धोरण मागे घेतलं नाही. ज्याच्या नावावर पाटी लागली त्याला हरवून आलेल्या लोकांनी पाटी काढली नाही, याचा अर्थ ते धोरण आता एका माणसाचं किंवा एका पक्षाचं राहिलेलं नाही.

त्यातच 4 ऑक्टोबर 2023 ला दक्षिण ल्होनक हिमसरोवर फुटलं, चुंगथांगचं तीस्ता-3 चं धरण वाहून गेलं आणि खाली एनएच 10 जागोजागी तुटला. माणसं गेली, घरं गेली, ते दुःख वेगळंच. पण शेतीच्या बाजूनं बघितलं तर एकाच रस्त्यावर आणि एकाच मंडईवर उभं केलेलं सगळं किती नाजूक आहे हे त्या महिन्यात दिसलं, आणि मालाची साठवण आणि प्रक्रिया राज्यातच व्हायला हवी हा मुद्दा त्याआधीपासूनच बोलला जात होता.

आपल्याकडे यातलं काय लागू होतं

महाराष्ट्रात विदर्भासाठी सुरू झालेलं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं सेंद्रिय शेतीचं मिशन आहे, आणि झिरो बजेट नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्याचेच, त्यामुळे हा विषय आपल्याला नवा नाही. पण सिक्कीमसारखं सगळं राज्य सेंद्रिय वगैरे आपल्याकडे कोणी बोलूच नये, ऊस, द्राक्ष, कापूस यांचं गणित फार वेगळं आहे आणि तिथे श्रीलंका व्हायला वेळ लागणार नाही. सिक्कीम लागू होतं ते नंदुरबारमधलं धडगाव-अक्कलकुवा, मेळघाट, गडचिरोलीचा आतला भाग, अशा ठिकाणी, जिथे खताचं पोतं आजही कमीच पोचतं, शेती पावसावरची आहे आणि माल पोत्यात भरून व्यापारी सांगेल त्या दरानं जातो. धडगावकडचं आमचूर, मेळघाटातलं कोदो-कुटकी हे भरडधान्य, हे सगळं आजही जवळपास सेंद्रियच आहे, फक्त त्याच्यावर कागद नाही.

तिथे ग्रुप बांधा, वह्या भरा, फी सरकारनं द्यावी, पाच-सात वर्षं द्या, एवढं सिक्कीमकडून जसंच्या तसं घ्यावं. पण पहिल्याच वर्षी, वही उघडायच्या आधी, आमचूर आणि कुटकी घेणारे दोन-तीन खरेदीदार गावात आणून बसवावेत, त्यांना किती माल लागतो, ओलावा किती चालतो, पॅकिंग कसं पाहिजे हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं आणि तालुक्याच्या ठिकाणी गोदाम आधी बांधावं. आणि अधिकाऱ्याच्या रिपोर्टमध्ये हेक्टरच्या शेजारी एक रकाना अजून असावा, शेतकऱ्याला क्विंटलमागे गेल्या वर्षी किती मिळाले आणि यंदा किती मिळाले त्याचा.